अधांतरी उभे राहताना

शौर्य म्हटले की आपल्या मनात पहिल्याने उभी राहते ती चढाई. घोड्याला टाच, उपसलेली तलवार, शत्रूच्या फळीत मुसंडी! पोवाड्यांनी आपल्या कानांना लावलेले हे वळण आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु कोरियाच्या युद्धातील एका हेलिकॉप्टर वैमानिकाची हकीकत वाचल्यापासून एक निराळेच शौर्य माझ्या मनातून जात नाही. शत्रू नेम धरीत असताना जागचे न हलण्याचे.

जॉन केल्विन कोल्श हा अमेरिकन नौदलातील लेफ्टनंट. जन्म १९२३ साली, लंडनचा. ३ जुलै १९५१ रोजी मरीन दलाचे कॅप्टन विल्किन्स यांचे कोर्सेअर विमान उत्तर कोरियातील वॉन्सान बंदराच्या नैर्ऋत्येकडील डोंगरांत पाडले गेले. विल्किन्स छत्रीने उतरले खरे. पण हातपाय भाजलेले, भोवती शत्रूचे सैन्य. दिवस मावळत आलेला आणि डोंगरांवर दाट ढग. कोल्श आपण होऊन निघाला. बरोबर एकटा साथीदार, जॉर्ज नील.

त्याचे यंत्र कसले होते ते ध्यानात घ्या. सिकोर्स्की बनावटीचे ते चिमुकले हेलिकॉप्टर. चार माणसांना जेमतेम जागा, शस्त्र एकही नाही. सोबत लढाऊ विमाने होती, पण ढगांमुळे त्यांना खालचे काही दिसेना. कोल्श एकटाच ढगांखाली उतरला. गोळ्या सुरू झाल्या. एक मारा हेलिकॉप्टरला लागलाही. तरी तो शोधीतच राहिला, आणि विल्किन्स त्याला सापडले.

आता खरी कसोटी. विमानाची ढाल म्हणजे त्याचा वेग. हेलिकॉप्टरला मात्र माणूस उचलायचा तर ती ढाल टाकून द्यावी लागते. खाली दोर सोडायचा, जखमी माणसाने पट्ट्यात अंग अडकवायचे, मग यारीने त्याला हळूहळू वर ओढायचे. आणि तेवढा वेळ यंत्र हवेत एका जागी तोलून धरायचे. यारीवर नील होता. वैमानिकाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय गुंतलेले. प्रत्युत्तर देण्याची सोय नाही, अंग चुकविण्याचीही नाही. विल्किन्स वर खेचले जात असतानाच दुसरा मारा बसला आणि हेलिकॉप्टर डोंगराच्या उतारावर कोसळले.

हिशेबी माणूस म्हणेल, एकाला सोडवायला गेले आणि तिघे अडकले. (लढाईचा जमाखर्च मांडणारे सर्वच देशांत असतात.) मला तो हिशेब पटत नाही, कारण कोल्शचे काम तेथे संपले नाही. त्याने दोघांनाही अवशेषांतून बाहेर काढले. भाजलेल्या विल्किन्सांची जमेल तेवढी शुश्रूषा करीत तिघेजण नऊ दिवस शत्रूला हुलकावणी देत राहिले. एकट्याने निसटायचे असते तर त्याच्या वाटेत भाजलेल्या पायांचा अडसर नव्हता. शेवटी तिघेही पकडले गेले.

कैदेतही त्याने शत्रूला कसलेही साहाय्य करण्याचे नाकारले. मिळेल ते तुटपुंजे अन्न तो आजारी सोबत्यांना वाटून देई. १६ ऑक्टोबर १९५१ रोजी उपासमारीने खंगून तो गेला. अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

१९५५ साली त्याला मरणोत्तर ‘मेडल ऑफ ऑनर’ देण्यात आले. अमेरिकेचा हा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळविणारा तो पहिला हेलिकॉप्टर वैमानिक. पदक त्याच्या आईच्या हाती ठेवण्यात आले. पुढे एका युद्धनौकेलाही त्याचे नाव दिले गेले.

नील आणि विल्किन्स मात्र कैदेतून जिवंत घरी परतले.