थांबलेल्या गोदेचा हिरवा रंग

उन्हाळ्यात गोदावरीवर हिरवा तवंग आला की नाशिकमध्ये बोट दाखवले जाते ते निर्माल्याकडे. इतिहास पाहिला तर हा आरोप टिकत नाही. रामकुंड १६९६ सालचे. १७८२मध्ये पेशवे घराण्यातल्या गोपिकाबाईंनी त्याची दुरुस्ती करवली. फुले, अस्थी, पिंड तेव्हापासून तिथेच पडत आले आहेत. बदलले ते पाणी. विसाव्या शतकाच्या आरंभी खाली नांदूर-मध्यमेश्वरला बंधारा झाला, १९६५मध्ये वर गंगापूर धरण. वरचे पाणी आवर्तनाच्या हाती गेले, खालचे अडले आणि मधल्या पट्ट्यात वाढत्या शहराचे सांडपाणी मिसळत राहिले. हा हिरवा तवंग धरणाऱ्या सायनोबॅक्टेरियाला असेच पाणी मानवते: संथ, कोमट आणि फॉस्फरस-नायट्रोजनने पोसलेले. यातल्या मायक्रोसिस्टिससारख्या जातींच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यामुळे वारा पडला की त्या वर तरंगतात, आणि मग मंद झुळकेने पायरीशी रंग सांडल्यासारखा थर जमतो.

कोणी म्हणेल, धरणाआधीही चैत्र-वैशाखात कुंडे साचतच होती. होती; पण खतावलेले पाणी नव्हते, आणि आषाढातला पूर तळापर्यंत सारे धुऊन नेई. पूर आजही येतो, सांडपाणी मात्र बारमाही झाले. २००३च्या सिंहस्थाच्या सुमारास कुंडांच्या तळाशी काँक्रीट पडले आणि झऱ्यांच्या वाटाही बुजल्या. भाविकांच्या सोयीसाठी म्हणे! दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शहर पितेच गंगापूरचे पाणी, मग या तवंगाची चिंता कोणाला? आचमन करणाऱ्याला, आणि खालच्या गावांतल्या गुरांना. १८७८मध्ये जॉर्ज फ्रान्सिस यांनी ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराचा तवंग प्यायलेली जनावरे मेल्याची नोंद ‘नेचर’मध्ये केली, तेव्हापासून हा धोका छापील आहे. १९९६मध्ये ब्राझीलच्या कारुआरूत असेच दूषित पाणी डायलिसिसला वापरले गेले आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. प्रत्येक हिरवे पाणी विषारी नसते हे खरे. पण कोणते विषारी, हे डोळ्यांना कळत नाही. मायक्रोसिस्टिन हे यातले विष उकळून जात नाही, उलट पेशी फुटून ते पाण्यात उतरते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी मायक्रोसिस्टिन-एलआरची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. आपल्याकडे नदीची प्रत मुख्यतः बीओडी (जैवरासायनिक प्राणवायू मागणी), विरघळलेला प्राणवायू आणि कोलिफॉर्म यांवर ठरते. या आकड्यांत हे विष दिसतच नाही.