सेमिनरी हिल्स, नागपूर

नागपूर शहराच्या वायव्य भागातील वृक्षाच्छादित टेकडी ‘सेमिनरी हिल्स’ या नावाने ओळखली जाते. फुटाळा तलाव, तेलंगखेडी, वायुसेनानगर आणि टाकळी ही तिच्या आसपासची परिचित ठिकाणे होत.

नाव व ख्रिस्ती संस्था

भावी धर्मगुरूंचे शिक्षण जेथे होते, त्या संत चार्ल्स सेमिनरीवरून टेकडीस हे नाव पडले. सेमिनरीचे आश्रयदाते संत चार्ल्स बोरोमिओ (१५३८-१५८४) हे मिलानचे आर्चबिशप होते. ट्रेंटच्या धर्मसभेनंतर धर्मगुरूंच्या पद्धतशीर प्रशिक्षणासाठी त्यांनी सेमिनऱ्या स्थापन केल्या. नागपूर धर्मप्रांताची स्थापना १८८७ साली झाली व १९५३ साली तो महाधर्मप्रांत झाला. १९५६ साली सुरू झालेले संत फ्रान्सिस डी सेल्स महाविद्यालयही याच परिसरात आहे.

भूरचना

ही टेकडी दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा खडक बनला. दोन थरांमधील काळात तळ्यांत साचलेल्या गाळात तत्कालीन जीवांचे अवशेष टिकून राहिले. टाकळी येथील असे जीवाश्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर यांनी अभ्यासले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य क्षेत्राचे कार्यालयही आज सेमिनरी हिल्स येथेच आहे.

वन व उद्याने

येथील वन शुष्क पानझडी प्रकारचे आहे. उन्हाळ्यात झाडे निष्पर्ण होतात, पावसाळ्यात संपूर्ण टेकडी हिरवी होते. बालोद्यान, जपानी गुलाब उद्यान व सातपुडा वनस्पती उद्यान यांमुळे नागरिकांची येथे नेहमी ये-जा असते. जखमी वन्यजीवांवर उपचार करणारे वनविभागाचे केंद्रही येथे आहे.

जतनाचा प्रश्न

उद्यान आणि वन यांत भेद आहे. उद्यानातील पालापाचोळा झाडून काढतात. वनात मात्र तोच कुजून मातीचा पातळ थर टिकवतो. हा थर व झाडांची मुळे पावसाचे पाणी थोपवतात. एरवी ते उघड्या खडकावरून माती घेऊन वाहून जाईल. उन्हाळ्यात याच कोरड्या पाल्यावर पडलेली एखादी जळती विडी वणवा पेटवू शकते. पायवाट सोडून फिरल्यास नवी रोपे तुडवली जातात. म्हणून येथे येणाऱ्याने मळलेल्या वाटेनेच चालावे, विस्तव व प्लॅस्टिक आणू नये, आणि वनाला वन म्हणूनच राहू द्यावे.