खडू, चाकू आणि गुणपत्रिका

शिक्षकांचे सारे आयुष्य खडूच्या संगतीत जाते. पण याच खडूने एके काळी अमेरिकेतील हजारो तरुणांचे भवितव्य ठरवले होते, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. दंतवैद्यक महाविद्यालयात प्रवेश हवा असेल तर तिथे एक परीक्षा द्यावी लागे. तिच्या एका भागात उमेदवाराला खडूचा ठोकळा, एक चाकू आणि एक आकृती मिळे. आकृतीबरहुकूम आकार ठरलेल्या वेळात कोरून द्यायचा. पृष्ठे सपाट आहेत का, कडा धारदार आहेत का, कोन बरोबर साधले आहेत का, हे पाहून गुण दिले जात. दात कोरणाऱ्याचा हात आधी खडूवर तपासावा, असा साधा विचार त्यामागे होता.

इतकी खटपट करण्याची गरज का भासली? गुणपत्रिका होत्याच की! या प्रश्नाच्या उत्तरासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

दंतवैद्यकाचे जगातील पहिले स्वतंत्र महाविद्यालय १८४० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर येथे सुरू झाले. पहिल्या तुकडीत पाच विद्यार्थी होते. त्यांतले दोघे १८४१ मध्ये पदवीधर झाले. तोपर्यंत ही विद्या एखाद्या दंतवैद्याच्या हाताखाली उमेदवारी करूनच शिकायची असे. १८६७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने आपले दंतवैद्यक विद्यालय काढले. पण प्रवेशासाठी भक्कम पूर्वशिक्षण हवे, ही गोष्ट रुजायला विसावे शतक उजाडले. कोलंबिया विद्यापीठातील जीवरसायनशास्त्रज्ञ विल्यम गाइज यांनी कार्नेगी प्रतिष्ठानसाठी अमेरिका आणि कॅनडातील दंतवैद्यक शिक्षणाची पाहणी केली. त्यांचा अहवाल १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. दंतवैद्यकाला येण्यापूर्वी विद्यार्थ्याने किमान दोन वर्षे महाविद्यालयात शिकलेले असावे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे आता प्रवेश देणाऱ्यांच्या टेबलावर निरनिराळ्या महाविद्यालयांच्या गुणपत्रिका येऊ लागणार होत्या. इथेच खरी अडचण होती.

एका महाविद्यालयातला 'अ' आणि दुसऱ्यातला 'अ' एकच का? मॅसॅच्युसेट्समधील माउंट होल्योक या महिला महाविद्यालयाने १८९७ मध्ये अक्षरश्रेणी वापरात आणली, तेव्हा ९५ ते १०० गुणांना पहिली श्रेणी होती आणि ७५ च्या खाली नापास! आपल्याकडे पस्तिशीवर सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. अंक तोच, पण त्याचा अर्थ गावागणिक वेगळा.

हे झाले दोन संस्थांचे. एकच उत्तरपत्रिका दोन शिक्षकांनी तपासली तर? अँग्लो-आयरिश अर्थशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस एजवर्थ यांनी १८८८ आणि १८९० मध्ये यावर लेख लिहिले. लॅटिन गद्याचा एकच नमुना २८ परीक्षकांनी तपासला, तेव्हा ४५ पासून १०० पर्यंत गुण पडले. एजवर्थ यांच्या डोळ्यांपुढे तेव्हाच्या मोठ्या स्पर्धापरीक्षा होत्या, आणि हिंदुस्थानच्या सनदी सेवेची परीक्षा त्यांतलीच एक. गुणांमधील चूक ही निरीक्षणातील चुकीसारखीच असते आणि तिचे गणित मांडता येते, हा त्यांचा मुद्दा. तारा पाहणाऱ्या खगोलशास्त्रज्ञाच्या नोंदी जशा थोड्या इकडेतिकडे होतात, तसेच परीक्षकाचे. फरक एवढाच की ताऱ्याची जागा हुकली म्हणून ताऱ्याचे काही बिघडत नाही.

"भाषेचे ठीक आहे हो, गणितात असे होत नाही," असे आमचे गणितवाले मित्र हमखास म्हणतात. १९१२ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनाही हेच ऐकावे लागले. त्यांनी इंग्रजीची एक उत्तरपत्रिका अनेक शाळांकडे तपासायला पाठवली होती. तिला ६४ पासून ९८ पर्यंत गुण पडले. टीकाकारांचे तोंड बंद करण्यासाठी १९१३ मध्ये त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. या वेळी खालचा आकडा २८ होता आणि वरचा ९० च्याही पुढे! कुणी नुसते उत्तर पाहिले, कुणी पायऱ्या पाहिल्या, कुणी आकृतीच्या अस्वच्छतेसाठी गुण कापले. कुणीच बेइमानी केली नव्हती. आमच्या मते ही नोंद सर्वांत बोचरी आहे. वाचकांनी एका उत्तरपत्रिकेच्या चार झेरॉक्स प्रती काढून आपल्या चार सहकाऱ्यांना द्याव्यात. एकमेकांशी न बोलण्याची अट मात्र घालावी.

दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिकण्याची सोय झाली आणि महाविद्यालयांकडे अर्जांची रीघ लागली. अमेरिकन दंतवैद्यक संघटनेने १९४६ मध्ये प्रवेशक्षमता चाचणी प्रायोगिक स्वरूपात सुरू केली आणि १९५० पासून ती देशभर लागू झाली. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका आणि जोडीला तो खडू. विज्ञानाचे उत्तर बरोबर की चूक हे यंत्रालाही सांगता येते, पण कोरलेला खडू कुणीतरी हातात घेऊन, फिरवून पाहावा लागतो. म्हणजे परीक्षकाची नजर मागच्या दाराने परत आलीच! १९७२ मध्ये खडू गेला आणि त्याच्या जागी कागदावर आकृत्या ओळखण्याची चाचणी आली. कॅनडात मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षे उमेदवार साबणाची वडी कोरत राहिले.

गुणपत्रिकेचा प्रश्न तिथे अजून आहेच. अर्ज बहुतेक महाविद्यालयांसाठी एकाच ठिकाणी केला जातो आणि तिथे सगळ्या श्रेणी एका मापात बसवल्या जातात. 'ए' म्हणजे ४, 'बी' म्हणजे ३, आणि प्रत्येक विषयाला त्याच्या श्रेयांकांचे वजन. चार श्रेयांकांच्या रसायनशास्त्रात 'बी' आणि एका श्रेयांकाच्या प्रात्यक्षिकात 'ए' मिळाली, तर सरासरी साडेतीन होत नाही, ३.२ होते. नापास झालेला विषय पुन्हा देऊन 'ए' मिळवली तरी पहिले शून्य पुसले जात नाही, दोन्ही प्रयत्न मोजले जातात आणि हाती २ उरतात. माप एक झाले, पण मूळची 'बी' कुणी, कशी दिली हे त्यात कुठेच दिसत नाही.

आपल्याकडची गोष्ट वाचकांना परिचित आहे. १९९९ मध्ये सामायिक प्रवेश परीक्षा येईपर्यंत महाराष्ट्रात वैद्यक आणि दंतवैद्यकाचे प्रवेश बारावीच्या गुणांवर होत. आम्ही त्याच काळात बारावी झालो. वर्गातल्या एका मैत्रिणीची दंतवैद्यकाची जागा दोन गुणांनी गेली. तिने गुणपडताळणीचा अर्ज केला, पण त्यात फक्त बेरीज पुन्हा पाहत, उत्तरे पुन्हा तपासत नसत. बेरीज बरोबर निघाली. एजवर्थ आणि स्टार्च यांचे आकडे आम्ही बऱ्याच वर्षांनी वाचले, तेव्हा पहिल्यांदा तीच आठवली.

आता देशभर एकच परीक्षा आहे आणि तिची पात्रता शततमकात मोजतात. शततमक आणि शेकडा गुण यांत पालकांचाच नव्हे, आमच्या काही सहकाऱ्यांचाही घोळ होतो. पन्नासावे शततमक म्हणजे पन्नास टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्मे आपल्या बरोबरीने किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. ही रेषा सरकतेही. फेब्रुवारी २०२१ मध्ये दंतवैद्यकाच्या हजारो जागा रिकाम्या राहिल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षापुरती पात्रतेची रेषा दहा शततमकांनी खाली आणली. कालपर्यंत अपात्र असलेली मुले एका निकालाने पात्र ठरली. त्यांचे गुण होते तेवढेच राहिले.

ही मुले पहिल्या वर्षाला गेली की त्यांच्या हाती मेणाचा ठोकळा आणि कोरणी येते. दातांची रचना शिकताना एकेक दात मेणात कोरायचा, आणि परीक्षेत तो परीक्षकांपुढे ठेवायचा. परीक्षक तो उचलतात, उजेडाकडे धरून फिरवतात आणि गुण देतात.