उलटं अक्षर आणि एक गहाळ नुक्ता

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तब्बल तेरा वर्षांनी खोडरबर कोरायला बसले. शाळेत असताना हा नाद होता. ब्लेडचा तुकडा आणि करकटकाचं टोक घेऊन वर्गातल्या निम्म्या मुलींच्या नावांचे शिक्के मी करून दिले होते. दहावी आली आणि ते सुटलं. आता परत हातात घेतलं ते हौस म्हणून नव्हे, तर प्रबंधातलं एक प्रकरण अडलं म्हणून.

मी धाराशिव-तुळजापूर भागातल्या वतनी कागदांवर काम करते. अशा कागदात मजकूर मोडीत असतो. शेवटी पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी असते, बलुतेदारांच्या नावांपुढे त्यांची त्यांची हत्यारं. या निशाण्या हाताने काढलेल्या. शिक्का अधिकाऱ्याचा. मराठी राज्याच्या कागदावर मुद्रा वर येते, आणि मजकूर जिथे संपतो तिथे मोर्तब. म्हणजे त्याखाली कुणी एक ओळही घुसडायची नाही. ‘शिक्कामोर्तब’ हा आपला रोजचा शब्द इथूनच आलाय. मुसलमानी अंमलातल्या कागदांवर फारसी अक्षरांची मोहर भेटते, बहुधा काळ्या शाईत पांढरी राहिलेली अक्षरं.

माझी अडचण अशाच दोन मोहरांची. नाव एक, सनही एकच. पण एकीत एका अक्षरावरचा नुक्ता दिसतो, दुसरीत नाही, आणि दुसरीतली अक्षरं बारीक वाटतात. मी कच्च्या खर्ड्यात ठोकून दिलं होतं की शिक्के दोन आहेत, पहिला हरवला असावा किंवा दुसरा बनावट असावा. मार्गदर्शक बाईंनी समासात एवढंच लिहिलं, ‘कशावरून?’

(सन एक असण्याने काही सिद्ध होत नाही, हे नवशिक्यांसाठी सांगते. मोहरेवरचा सन बहुधा ती कोरल्याचा किंवा हुद्दा मिळाल्याचा असतो, कागदाचा नव्हे. 2023 मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा गावोगावच्या कार्यालयांना, शाळांना नवे शिक्के लागले. लेझर मशीनवर शिक्का आता काही मिनिटांत होतो. तरी त्यानंतरही एका दुकानाच्या बिलावर मला जुन्याच नावाचा शिक्का मिळाला. शाबूत शिक्का कोण टाकून देतो?)

तर खोडरबर. आधी अक्षरं उठावाची ठेवायचा प्रयत्न केला. त्यासाठी अक्षर सोडून बाकी सगळं रबर काढावं लागतं. तासाभरात बोट कापलं. मग अक्षरच खोल कोरलं, म्हणजे जिथे ब्लेड फिरेल तिथे शाई लागणार नाही. हे पुष्कळ सोपं. काळ्यात पांढरी अक्षरं का, याचं निदान एक कारण बोटांना कळलं. मराठी मुद्रांवर मोडीऐवजी बाळबोध का, याचाही अंदाज आला. मोडी धावते, एका अक्षरातून दुसऱ्यात शिरते, आणि ते वळण उलटं कोरताना माझा हात तीनदा चुकला. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही.

मग एकाच शिक्क्याचे चाळीसेक ठसे घेतले. बेताची शाई, जास्त शाई, तिरका दाब, जवळजवळ वाळलेला पॅड. जास्त शाईत कोरलेल्या चरी भरून आल्या. अक्षरं बारीक झाली, आणि सगळ्यात आधी गेला तो नुक्ता. सगळे ठसे ओळीने मांडले तर कुणीही म्हणेल, शिक्के तीन-चार तरी आहेत.

रबर दबतं, पितळ दबत नाही. म्हणून हा प्रयोग जसाच्या तसा जुन्या मोहरेला लावता येणार नाही, पण शाई भरून येणं दोन्हीकडे होतं. दुसरी गोष्ट मी चुकून शिकले. ब्लेड घसरून माझ्या शिक्क्याच्या कडेचा टवका उडाला. त्यानंतरच्या प्रत्येक ठशात तो आहे. शाई कितीही घ्या, तो पूर्ण बुजला नाही. चर भरते, पण तुटलेली कड परत येत नाही.

मोहरांचे फोटो पुन्हा उघडले, या वेळी अक्षरं सोडून फक्त कडा पाहिल्या. डाव्या बाजूला खाली, दोन्ही ठशांत, त्याच जागी, त्याच आकाराची खाच. वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर होती.

शिक्का एकच. बनावट मोहरेवर लिहिलेली माझी साडेचार पानं गेली, आणि एका कारकुनावर घेतलेला संशयही. त्याचं पाप एवढंच की त्या दिवशी त्याने शाई जरा जास्त घेतली. आता त्याच दप्तरातल्या, सन न टाकलेल्या कागदांवर ही खाच शोधतेय. ज्यावर ती नाही तो कागद टवका उडण्याआधीचा. असा एक मिळालाय. बाकीचे पाहायला पुढच्या महिन्यात परत जायचंय.