साथीचा रोग आणि बहिष्कार: विलगीकरण कुठे संपते, विटाळ कुठे सुरू होतो?

साथीच्या काळात लागण झालेल्या माणसाला, त्याच्या घरच्यांना किंवा अख्ख्या वस्तीला दोषी धरणे, हिणवणे, टाळणे याला आरोग्य खात्याच्या भाषेत 'सामाजिक कलंक' म्हणतात. ज्यांच्या आजा-पणजांनी बंद पाणवठा आणि वेशीबाहेरची वस्ती भोगली, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तरीही साथ आली की आपल्यातलेही काही जण शेजाऱ्याच्या दाराकडे बोट दाखवतात. म्हणून मुळशी तालुक्यातल्या मुठा गावासारख्या ठिकाणी, जिथली तरुण मुले पिरंगुटच्या कारखान्यांत आणि पुण्यात कामाला जातात व संध्याकाळी गावी परततात, तिथल्या कार्यकर्त्यांच्या हाताशी असावी अशी ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

मुंढव्याची आठवण

मुठा खोऱ्यातून निघालेली नदी पुण्यात संगमावर मुळेला मिळते आणि पुढे मुळा-मुठा होऊन मुंढव्याच्या कडेने वाहते. याच मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला १८९७ साली प्लेग झाला. सावित्रीबाई फुले यांनी त्याला पाठीवर घेतले आणि आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात नेले. हा दवाखाना हडपसरजवळ ससाणे मळ्यात होता. रुग्णांची सेवा करतानाच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्या वेळी पुण्यात काय चालले होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. प्लेग कमिशनर रँड याच्या हाताखाली सैनिक घराघरांत शिरून झडती घेऊ लागले. संशयितांना छावणीत आणि रुग्णांना इस्पितळात ओढून नेऊ लागले. भीती एवढी पसरली की लोक आजारी माणसाला लपवू लागले आणि मृत्यूची वार्ताही दाबू लागले. जो रुग्ण लपवला जातो त्याला उपचार मिळत नाही, आणि त्याच्यापासून घरातल्या इतरांना असलेला धोका वाढतो. सरकारची जबरदस्ती असो की गावाचा बहिष्कार, दोन्हींचा परिणाम एकच होतो. माणूस आजार सांगायचे टाळतो.

रुग्णाला बाकीच्यांपासून वेगळे ठेवणे प्लेगमध्ये गरजेचेच होते. सावित्रीबाईंनीही त्या मुलाला वस्तीतून हलवलेच. पण त्यांनी त्याला दवाखान्यात नेले, तिथे त्याची काळजी घेणारी माणसे होती. वेगळे ठेवणे आणि वाळीत टाकणे यांतला फरक इथेच आहे.

२०२० मध्ये काय घडले

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यात सापडले. काही दिवसांतच हातावर शिक्के आले, दारावर पत्रके लागली. राज्यातल्या अनेक गावांनी काटेरी फांद्या आणि दगड टाकून रस्ते बंद केले. पुण्या-मुंबईहून चालत आलेल्या आपल्याच मुलांना वेशीवर अडवले गेले. परिचारिका आणि डॉक्टरांना भाड्याची घरे सोडायला सांगितल्याच्या बातम्या देशभरातून आल्या. काही ठिकाणी अंत्यसंस्कारालाही विरोध झाला. वास्तविक केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्च २०२० मध्येच स्पष्ट केले होते की काळजी घेऊन अंत्यविधी करता येतो, आणि राखेपासून कोणताही धोका नाही.

शब्दांनीही घात केला. 'सोशल डिस्टन्सिंग'चे मराठीत 'सामाजिक अंतर' झाले. ज्या देशात सामाजिक अंतर म्हणजे जात, तिथे हा शब्द वापरण्याला आंबेडकरी चळवळीतून आक्षेप घेतला गेला. तो आक्षेप योग्य होता. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० पासून 'शारीरिक अंतर' हा शब्द वापरायला सुरुवात केली. सभेत, फलकावर, विहारातल्या सूचनेत आपण 'शारीरिक अंतर'च लिहावे.

मग बोट समाजाकडे वळले. दिल्लीतल्या तबलिगी मरकजनंतर मुस्लिम भाजीवाल्यांना गल्लीत येऊ न देण्यापर्यंत मजल गेली. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मरकजला आलेल्या परदेशी नागरिकांवरचे अहमदनगर जिल्ह्यातले गुन्हे रद्द केले. या लोकांना बळीचा बकरा बनवले गेले, अशा अर्थाचे मत न्या. तानाजी नलावडे यांनी नोंदवले. त्या दिवसांत आलेल्या अफवा पुढे पाठवणारे मोबाइल आपल्याही वस्त्यांत होते.

तीन प्रश्न

शेजारी कोणाला वेगळे ठेवले जात असेल तेव्हा ते विलगीकरण आहे की बहिष्कार, हे ओळखायला आम्ही तीन प्रश्न सुचवतो.

पहिला: किती दिवस? विलगीकरणाला मुदत असते आणि ती डॉक्टर ठरवतात. मुदत संपल्यावरही चहाच्या टपरीवर कप वेगळा ठेवला जात असेल, तर तो विटाळ आहे.

दुसरा: कशासाठी? प्रत्येक रोग पसरण्याचा मार्ग वेगळा असतो. क्षयरोग हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही. योग्य औषध सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत बहुतेक रुग्णांपासून लागण होण्याचा धोका बराच कमी होतो. एचआयव्ही सोबत जेवल्याने, हात मिळवल्याने होत नाही. कुष्ठरोगावर पूर्ण उपचार आहे आणि तो मोफत मिळतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात 'जीबीएस'चे रुग्ण वाढले, तेव्हा चर्चा दूषित पाण्याची होती. जीबीएस हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. अशा वेळी रुग्णाच्या घरापासून लांब राहून काही साधत नाही, पाण्याची तपासणी मागावी लागते.

तिसरा: काळजी कोण घेणार? दार बंद केले, पण औषध, दूध, किराणा, जनावरांचा चारा यांची सोय कोणी केली नाही, तर त्या घराला वाळीत टाकले असेच म्हणावे लागेल.

तथागतांचा दाखला

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. तो इतरांसाठी काही करत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. भगवान बुद्ध आनंदासह तिथे आले. त्यांनी स्वतः त्याला धुतले, उचलून मंचकावर ठेवले. मग संघाला बोलावून सांगितले की, तुमची काळजी घ्यायला इथे आई-वडील नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे. ज्याला बुद्धांची सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी, हा त्या उपदेशाचा आशय. लगेच पुढे चांगल्या शुश्रूषकाचे गुणही सांगितले आहेत: औषध तयार करता येणे, काय मानवते आणि काय नाही हे कळणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्र-उलटी उचलताना किळस न करणे, आजाऱ्याला धम्माने धीर देणे. म्हणजे करुणेसोबत कौशल्यही मागितले आहे.

उदानात सुप्रबुद्ध या कुष्ठरोग्याची कथा आहे. राजगृहात गर्दी दिसली, म्हणून काही खायला मिळेल या आशेने तो गेला. त्या सभेत धम्म समजण्याची पात्रता बुद्धांना त्याच्यात दिसली आणि त्यालाच समोर ठेवून त्यांनी उपदेश केला.

कायदा काय सांगतो

• केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या एप्रिल २०२० च्या सूचनेनुसार रुग्णाचे किंवा विलगीकरणातल्या माणसाचे नाव, ओळख, वस्ती समाजमाध्यमांवर पसरवू नये.

• दारावर पत्रके लावल्याने लोकांना अस्पृश्यासारखे वागवले जाते, अशी टिप्पणी सर्वोच्च न्यायालयात सुनावणीच्या वेळी झाली. ९ डिसेंबर २०२० रोजी न्यायालयाने सांगितले की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा आदेश असल्याशिवाय अशी पत्रके लावता येणार नाहीत.

• साथरोग कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हिंसेला ३ महिने ते ५ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड ठेवला. राहत्या घरी त्रास देणेही त्यात येते. मात्र हे संरक्षण कर्मचाऱ्यांना आहे. सामान्य रुग्णासाठी तशी तरतूद त्यात नाही, आणि ती असावी ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

• एचआयव्ही व एड्स कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचे घर यांत भेदभावाला तो मनाई करतो.

• महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तो जातपंचायती डोळ्यांसमोर ठेवून केला आहे, त्यामुळे आजारामुळे टाकलेल्या बहिष्कारात तो लावायचा असेल तर आधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

गावात काय करावे

साथ येण्याआधीच वस्तीतल्या पाच-सहा जणांनी कामे वाटून घ्यावीत. एकाने आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्राशी संपर्क ठेवावा. दोघांनी विलगीकरणातल्या घरांना किराणा, दूध आणि औषध पोचवावे. एकाने गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लक्ष ठेवावे. रुग्णाचे नाव टाकले गेले तर ते काढायला सांगावे आणि न ऐकल्यास सरपंच व पोलीस पाटलांकडे जावे. एकाने रोज रुग्णाला फोन करावा, कारण एकटेपणा माणसाला खचवतो. आरोग्य सल्ल्यासाठी १०४ आणि मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक विहाराच्या फलकावर कायम लिहिलेला असावा.

रुग्ण बरा झाल्यावरचे कामही तितकेच मोठे आहे. पुढच्या रविवारी त्याला आणि घरच्यांना वंदनेला बोलवावे, सगळ्यांच्या पंगतीत बसवावे. टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १००० रुपये मिळतात, ते मिळतात की नाही हे विचारावे. आणि कामावरून काढले असेल तर मालकाकडे त्याच्यासोबत जावे. एकट्याला नकार देणे मालकाला सोपे जाते, चार जण सोबत असले की त्याला कारण सांगावे लागते.