पंचवीस हजार शाबासक्यांचा हिशेब

वर्गात मुलांना गणित येत नसले की दोष एक तर मुलाच्या डोक्याला जातो, नाही तर शिक्षकाच्या हयगयीला. बी. एफ. स्किनर या अमेरिकी वर्तनशास्त्रज्ञांनी तो तिसऱ्याच ठिकाणी दाखवला. नोव्हेंबर 1953 मध्ये ते धाकट्या मुलीच्या गणिताच्या तासाला पालक म्हणून बसले. काही मुलांचे केव्हाच आटोपले होते, काही अडून बसली होती, आणि उत्तर बरोबर की चूक हे कागद तपासून परत मिळेपर्यंत कुणालाच कळणार नव्हते. पुढच्याच वर्षी एका निबंधात त्यांनी हिशेब मांडला: पहिल्या चार इयत्तांचे गणित पक्के व्हायला मुलाच्या उत्तराला निदान 25 हजार वेळा तिथल्या तिथे पावती मिळायला हवी, एका शिक्षकाकडून फार तर काही हजार वेळा ती मिळते. थोडक्यात, उणेपणा शिक्षकात नव्हता, वर्गाच्या रचनेत होता.

यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे शिकवण्याचे यंत्र. खिडकीत प्रश्न दिसे. मुलाने कागदाच्या पट्टीवर उत्तर लिहून दांडा सरकवला की ते काचेखाली जाई आणि शेजारी बरोबर उत्तर उघडे होई. आपले उत्तर पाहता येई, खोडता मात्र येत नसे. मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी 1920 च्या दशकातच चार कळांचे यंत्र बनवले होते, पण त्याचा भर आधी शिकलेले तपासण्यावर होता. स्किनर यांना लहान लहान पायऱ्यांनी नवे शिकवायचे होते, तेही ज्याच्या त्याच्या गतीने.

मुले म्हणजे स्किनर यांच्या प्रयोगशाळेतली कबुतरे नव्हेत, हा आक्षेप तेव्हापासूनचा आहे. समजून घेणे म्हणजे निव्वळ वर्तन, हा स्किनर यांचा दावा टिकला नाही. 1959 मध्ये भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी भाषेच्या बाबतीत त्याची कठोर चिकित्सा केली. पण चूक लगेच कळावी, एवढे मान्य करायला तो दावा मानावा लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पायऱ्या इतक्या सोप्या केल्या की मूल विचार न करताच रिकामी जागा भरी. बरोबर उत्तरांची रास पडे आणि कंटाळाही येई. खुद्द प्रेसी यांनी 1960 च्या दशकात या पद्धतीवर टीका केली. म्हणजे निदान अचूक होते, औषधाची मात्रा मात्र चुकली. पावती लवकर मिळाली, तरी प्रश्नच विचार करायला लावणारा नसेल तर ती कशाची?

ती यंत्रे अडगळीत गेली. आता टॅबलेट आले आहेत. त्यांची पारख करतानाही पडद्याच्या झगमगाटाला महत्त्व नाही. मुलाचे चुकलेले उत्तर किती लवकर पाहिले जाते, आणि ते पाहून पुढचा प्रश्न बदलतो का, हे विचारावे. चाळीस मुलांच्या वर्गात खडू-फळ्यावर हे साधणारा शिक्षक असेल, तर त्याच्या हाती यंत्र देण्याआधी त्याच्या वर्गातली मुले कमी करणे जास्त शहाणपणाचे ठरेल.