रक्तसाक्षी : एका शब्दाची कुळकथा

कोपर स्टेशन दुमजली आहे. खालून कल्याणच्या लोकल धावतात, वरच्या पुलावरून दिवा–वसईची गाडी जाते. गुड फ्रायडेला मी ही वरची गाडी धरतो. भिवंडी रोड, खारबाव, कामण, जुचंद्र आणि मग वसई. त्या दिवशी चर्चमध्ये फादरांच्या अंगावर लाल झगा असतो. तोच रंग रक्तसाक्ष्यांच्या सणालाही.

‘रक्तसाक्षी’ हा शब्द चर्चच्या अंगणाबाहेर फारसा ऐकू येत नाही. श्रद्धेसाठी जीव दिलेल्या माणसाला आमच्याकडे रक्तसाक्षी म्हणतात. केरळात मल्याळममध्येही हाच शब्द आहे, आणि तिथं तो राजकीय लढ्यात पडलेल्यांनाही लावतात. बाकीच्या मराठीत अशा माणसासाठी दोन शब्द चालतात. हुतात्मा म्हणजे ज्यानं स्वतःची आहुती दिली तो. हा शब्द यज्ञातून आला. शहीद अरबीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ साक्षीदार. ग्रीक ‘मार्तिस’चाही अर्थ तोच, कोर्टात उभा राहतो तो साधा साक्षीदार. पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी साक्ष देता देता जीव गमावले, आणि शब्दाला मरणाचा अर्थ चिकटला. पण ग्रीक शब्दात रक्त कुठंच नाही. ते आपल्याकडच्या भाषांनी घातलं.

शब्द फोडून पाहावा. रक्त म्हणजे मुळात रंगलेलं. ‘रञ्ज्’ या धातूपासूनचं. रक्तचंदनातलं रक्त तेच. साक्षीमध्ये ‘अक्षि’ आहे, म्हणजे डोळा. ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तो साक्षी. डोळ्यांनी पाहिलेलं जो रक्तानं सांगतो, तो रक्तसाक्षी. इतका नेमका शब्द क्वचितच सापडतो.

आणि या शब्दाची एक जुनी गोष्ट आपल्या ठाण्यातच घडली. साल १३२१. चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्याला उतरले : तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस. गावात नेस्तोरी ख्रिस्त्यांची पंधरा घरं होती, असं ओदोरिक हा प्रवासी लिहून ठेवतो. त्यातल्याच एका घरी ते राहिले. एके रात्री यजमानानं बायकोला मारलं. सकाळी बाईनं काझीकडे तक्रार केली. काझीनं विचारलं, पुरावा काय? तिनं सांगितलं, घरात चार परदेशी साधू होते, त्यांनी पाहिलंय.

म्हणजे त्यांना बोलावणं आलं ते एका मार खाल्लेल्या बाईचे साक्षीदार म्हणून. पुढे प्रश्न धर्माकडे वळले, उत्तरं त्यांनी बदलली नाहीत, आणि एप्रिलमध्ये चौघांनाही मारण्यात आलं. त्यांचा सोबती जॉर्डन तेव्हा ठाण्यात नव्हता. त्यानं त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. काही वर्षांनी ओदोरिक त्यांच्या अस्थी घेऊन चीनला गेला. कोपरहून गाडी खाडीच्या पट्ट्यातून वसईकडे जाते, तेव्हा ठाण्याहून सोपाऱ्याला गेलेले ते देह मला दर वेळी आठवतात.

वसईचा रक्तसाक्षी म्हणजे गोन्सालो गार्सिया. आई इथलीच, वडील पोर्तुगीज. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्याला क्रुसावर टांगून भाल्यानं भोसकलं. १८६२ मध्ये तो संत झाला.

पण साक्ष रक्तानंच का? बायबलचं उत्तर सरळ आहे : देहाचा जीव रक्तात असतो. म्हणून रक्त खाऊ नये, असं लेवीयच्या सतराव्या अध्यायात सांगितलं आहे. ठाण्यात १८७९ चं सिनेगॉग आहे. तिथल्या बेने इस्रायली स्वयंपाकघरात मटणाला मीठ लावून रक्त काढून टाकायची रीत याच आज्ञेतून आली. आणि ज्या रक्ताला शिवायचं नाही, त्याच्याच नावानं शेवटच्या भोजनात येशूनं प्याला पुढे केला. माझा जीव तुम्ही घ्या, असा त्याचा अर्थ. उत्पत्तीच्या पुस्तकात तर हाबेलचं सांडलेलं रक्त स्वतःच जमिनीतून ओरडतं. तिथं रक्त हाच साक्षीदार.

रक्त खरोखर बोलतं, हे १९०१ मध्ये लँडस्टायनर या शास्त्रज्ञानं काचेवर दाखवलं. दोन माणसांचं रक्त एकत्र केलं की कधी ते एकजीव होतं, कधी गुठळ्या धरतं. त्यातून ए, बी, ओ गट आले. मग १९५२ मध्ये मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक वेगळाच गट मांडला. ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात तो ‘एच’ हा घटकच या लोकांच्या रक्तपेशींवर नसतो. जगभर त्याला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतात. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा. नेहमीच्या चाचणीत तो ‘ओ’ दिसतो. पण अशा माणसाला ओ रक्त चढवलं तर त्याच्या शरीरातली प्रतिद्रव्यं त्या पेशी फोडून टाकतात. सख्ख्या आईचं रक्तही चालेलच असं नाही. चालतं ते फक्त त्याच गटाच्या माणसाचं, मग तो कुठल्याही घरचा, कुठल्याही धर्माचा असो. गुड फ्रायडेच्या लाल झग्याकडे पाहताना मला हे आठवतं. जीव दुसऱ्यासाठी द्यायचा, ही गोष्ट इथं ३५० मिलिलिटरच्या पिशवीत मावते, आणि देणारा जिवंत घरी जातो.

तुमच्या कार्डावर ‘ओ’ लिहिलं असेल, तर पुढच्या शिबिरात एवढंच विचारा : माझा एच तपासलाय का? बॉम्बे गट निघाला, तर रक्तपेढीत नाव आणि फोन नंबर नोंदवून ठेवा, आणि फोन आला तर जा.